सैल पिन

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मुकुंदराव आधी बायकोच्या छातीवरच्या चार्जिंगच्या खाचेभोवती अंगाऱ्याचं बोट फिरवायचे आणि मगच तिच्या हृदयाला चार्जर लावायचे. हृदय नवं होतं तेव्हा पिन टक् करून आत बसायची. अलीकडे ती अर्धवटच जायची आणि जरा हललं की निसटायची.

"अहो, एकदा दाखवून येऊ या का?" कुमुदिनी म्हणायची.

"वापरून वापरून सैल होणारच गं," असं म्हणत ते पिन हातानं दाबून धरायचे, आणि धास्तीपोटी अंगारा जरा जास्तच लावायचे.

काल पिन धरून बसल्याबसल्याच त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा पिन गादीवर पडली होती, आणि कुमुदिनी गार झाली होती.

अंत्यसंस्काराआधी हृदय खाचेसकट काढून द्यावं लागतं. दवाखान्यातल्या नर्सनं ते पुसून टाचणीनं खाच कोरली, तशी राखाडी रंगाची घट्ट गुठळी बाहेर आली.

"काका, यात राख कशी गेली?" असं विचारत तिनं सवयीनं चार्जर लावून पाहिला.

पिन टक् करून बसली. ट्रेमधलं हृदय धडधडू लागलं.

मुकुंदरावांनी आपलं बोट मुठीत लपवलं.