भाईंदर पूर्व ते ऑस्लो

"लंडन नको," दशरथकाका म्हणाले. "लंडन फार झालं. दुसरं काय आहे?"

चंदनने स्क्रीनवरची यादी खाली सरकवली. "टोरांटो, सिंगापूर, ऑस्लो."

"ऑस्लो कुठे आलं?"

"नॉर्वेत."

"तिथे मराठी माणसं असतात?"

"मराठी माणूस कुठे नसतो, काका?"

काकांना हे पटलं. त्यांनी ऑस्लोवर बोट ठेवलं.

महिनाभरापूर्वी दोघांनी मिळून व्हीपीएन निवडला होता. चंदनने सुरुवातीलाच समजावलं होतं, की हा एक बोगदा असतो. आपण इथे भाईंदरच्या जेसल पार्कात आत शिरायचं आणि परदेशात बाहेर पडायचं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस तिथलाच आहे. साठी उलटलेला माणूस हे ऐकून हात टेकेल, असा चंदनचा अंदाज होता. पण काकांची सगळी नोकरी पालिकेच्या पाणी खात्यात, जमिनीखालच्या गळत्या हुडकण्यात गेली होती. बोगदा म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

पहिला व्हीपीएन फुकट होता. काकांनी तो तिथल्या तिथे नापास केला. "फुकट पाणी देणाऱ्याची लाइन कुठून आलीय, ते आधी बघावं," म्हणाले. दुसऱ्याची जाहिरात देखणी होती. त्याला त्यांनी 'रंगवलेला पाइप' म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या कंपनीला मात्र चंदनकडून इंग्रजीत विचारून घेतलं: तुम्ही आमच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवता का? ठेवत नसाल, तर ते आम्ही कशावरून मानायचं? कंपनीने लांबलचक उत्तर धाडलं. काकांनी ते चष्मा पुसून वाचलं. "सरकारी बाबू वाटतो, पण सरळ आहे," असा शेरा मारून तिला पसंत केलं.

चंदन थक्क झाला. त्याच्या सायबर कॅफेत कॉलेजची पोरं ऑर्कुटवर फोन नंबरासकट सगळा संसार मांडून बसायची. त्या गर्दीत आपल्या खासगीपणाची एवढी चाड असलेला हा एकच माणूस होता.

अडचण एवढीच होती, की हे सगळं गिरिजाकाकूंपासून चोरून चाललं होतं.

काका दुपारी भाजीची पिशवी घेऊन सोसायटीच्या गेटबाहेर पडायचे, कोपऱ्यावरून वळायचे आणि गटाराच्या कडेकडेने परत येऊन कॅफेच्या मागच्या दाराने आत शिरायचे. कॅफे त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होता. प्लायवूडच्या शेवटच्या खोपटात बसून पडदा ओढायचे आणि एका बोटाने टाइप करत राहायचे. बाहेर यायचे तेव्हा चेहरा नुकतीच दाढी केल्यासारखा उजळलेला असायचा.

"काका, काकूंना सांगून टाका ना एकदाचं," चंदन एकदा म्हणाला.

"वेडा आहेस का? तिला कळलं तर सगळं बंद पडेल," काका म्हणाले. "आणि ते मला आता सहन नाही व्हायचं."

एवढं बोलून ते लाजले. या वयात माणूस लाजतो तेव्हा भानगड पक्की असते, असं चंदनचं मत होतं.

एरवी त्याने कानाडोळा केला असता. गिऱ्हाइकाच्या पडद्याआड डोकवायचं नाही, हा धंद्याचा नियमच. पण हा कॅफे काकूंच्या शब्दावर उभा होता. सोसायटीच्या सभेत 'पोरं बिघडतील' म्हणून अर्धे लोक अडून बसले होते. तेव्हा एकट्या काकू उठल्या होत्या. "चंदनच्या दुकानात वावगं काही होणार नाही. झालं तर मला येऊन विचारा."

आता वावगं होत होतं. करणारा त्यांचाच नवरा होता, आणि बोगदा खणून देणारा चंदन. हे उद्या बाहेर फुटलं, तर काकूंना त्याच सभेत मान खाली घालून बसावं लागणार होतं. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

काका पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेले, त्या दिवशी चंदन तिसऱ्या मजल्यावर चढला.

"ये रे," काकू म्हणाल्या. "माझा कॉम्प्युटर तर धड चालतोय. मग तू कसा काय उगवलास?"

"काकू, काकांबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोलशील रे. आधी हे बघ."

काकूंनी त्याला स्क्रीनसमोर बसवलं. काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, हे चंदनला ठाऊक होतं. तिथल्या आठवणींचा त्या टोपणनावाने ब्लॉग लिहितात, हे ठाऊक नव्हतं. ट्रंक कॉलवर रडणारी माणसं, लाइनवर जुळलेली लग्नं, मध्येच तुटलेले निरोप. सगळं इतकं सुरेख लिहिलेलं, की चंदन दोन लेख वाचेपर्यंत आपण कशाला आलोय तेच विसरला. प्रत्येक लेखाखाली वाचकांचे अभिप्राय होते. बाजूच्या चौकटीत वाचक कुठल्या गावचा, ते आपोआप उमटत होतं. लंडन. टोरांटो. ऑस्लो.

ऑस्लोकराने लिहिलं होतं, 'तुमचा आवाज ज्याला रोज ऐकायला मिळतो, तो माणूस नशीबवान. त्याने तुम्हाला तसं कधी सांगितलं नसेल, तर तो गाढव आहे.'

चंदनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हं, काय म्हणत होतास यांच्याबद्दल?"

"काही नाही. भाजी छान निवडून आणतात."

"त्यांना कसलं कौतुक!" काकू म्हणाल्या. "आमटी फक्कड झाली तरी 'मीठ बरोबर आहे' म्हणून उठतात. तीस वर्षं तेवढ्यावरच काढलीत मी."

चंदन घाईने उठला. महिनाभर आपण काय काय समजत होतो, ते आठवून त्याला काकूंकडे बघवेना. काकू त्याच्यामागोमाग दारापर्यंत आल्या. जिन्यात कोणी नाही, हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"चंदन, यांना ते जे काय घेऊन दिलंयस ना, त्याहून भक्कम एखादं बघ. परवा लाइन मध्येच तुटली, आणि ऑस्लोचा माणूस सबंध दुपार भाईंदरहून माझं कौतुक करत बसला होता."