धक्का बसला तेव्हा

“धक्का बसला तेव्हा मान सरळ होती की वळलेली?” डॉक्टरांनी विचारलं. “वळलेल्या मानेला हिसका बसला, तर दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं, म्हणून विचारतोय.” पलूसला येणाऱ्या त्या वडापच्या शेअर जीपमध्ये माझ्या शेजारी नव्या शाळेतल्या सहशिक्षिका इनामदारबाई होत्या, आणि त्यांना माझी जात अजून कळलेली नव्हती. फाट्यावर जीप थांबली आणि दगडामावशी, माझ्या आईची सख्खी बहीण, आत चढायला लागली. आता ही सगळ्यांसमोर मोठ्यानं ‘जयभीम’ म्हणणार, या धास्तीनं मी झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि त्याच वेळी मागून ट्रक आदळला. माझ्या मांडीवरचं बाळ मावशीनंच उचललं, मला धरून दवाखान्यात आणलं ते तिनंच. आताही बाळ तिच्याच खांद्यावर होतं, आणि इनामदारबाई शेजारीच उभ्या होत्या. “आवं, पोराकडं बघत हुती ती,” माझ्याऐवजी तिनंच सांगितलं. “म्या बघितलं की.” “तुम्ही कोण यांच्या?” डॉक्टरांनी विचारलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं, मग इनामदारबाईंकडे. “म्या व्हय? कोन न्हाई. जीपमधली हाय.” तिनं बाळ इनामदारबाईंच्या हातात दिलं आणि पदर सावरत ती निघाली. मी हाक मारली नाही. बाळ मात्र दाराकडे झेपावत रडायला लागलं. “अगंबाई, परक्या बाईचा एवढ्यात किती लळा लागला याला!” इनामदारबाई हसल्या. “हो ना,” मी म्हणाले.