ओंगण

चाकाखालच्या दगडापाशी उकंडराव उकिडवे बसले होते आणि मनातल्या मनात खूश होते. पंजाबराव पाटलांच्या घरचे ते जुने धुरकरी, उभा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. आता पाटलांनी नागपूरच्या एका गोऱ्या साहेबाची मोटर विकत घेतली आणि धुरकऱ्याच्या वाट्याला उरला हा दगड. ड्रायव्हरने सांगितलं की काढायचा, बस्स.

मोटरची बॅटरी बसलेली होती. आतलं पाणी आटलं, पत्रे पांढरे पडले, मलकापूरला नेऊन भरून आणल्याशिवाय तिच्यात काही जीव येत नाही, असं इंद्रभान ड्रायव्हरचं म्हणणं. म्हणून मोटर कालपासून वेशीबाहेर, घाटाच्या तोंडाशी उतारावर उभी. दगड काढला की आपसूक घरंगळते, आणि घरंगळता घरंगळता इंजिन लागतं.

मागच्या गादीवर कोकिळा बसली होती, नव्या लुगड्यात, ओटीचा नारळ मांडीवर घेऊन. पाटलांची एकुलती लेक, आज धामणगावला सासरी निघालेली. लहानपणी ती आईजवळ कमी आणि उकंडरावांच्या गाडीत जास्त असायची. पोटच्या पोरीवर त्यांचा नसेल एवढा जीव हिच्यावर.

तक्रार एवढीच, की ही मोटर रडायची. वळणावर पुढची चाकं अशी किंचाळायची की वेशीतली कुत्री उठून बसायची. इंद्रभानाजवळ त्याचं उत्तर तयार असे. "ही गाडी पुढच्या चाकानं चालते बाप्पा. ओढाचं त्यानंच, वळाचं त्यानंच, थांबाचा जोरबी त्याच्यावरच. आवरलं का घासतात, म्हणून बोंबलतात. बोंबलू द्या. बोंबलते तोवर सडक धरून हाये."

मोटर आपल्या बैलांसारखी पुढून ओढते, एवढंच ऐकून लोक खूश झाले. पुढचं कोणी मनावर घेतलं नाही. काल संध्याकाळी मात्र कोकिळेच्या आईने, मनकर्णाबाईंनी, उकंडरावांना अंगणात गाठलं. "पोर घर सोडून चालली अन् गाडी गळा काढून राह्यली, हा काय शकुन हाये का उकंडराव? तुमीच पाहा काई."

काय पाहायचं ते उकंडरावांना ठाऊक होतं. कोरडं चाक रडतं. त्याला एरंडेलाचं ओंगण दिलं की गप्प बसतं. जगाच्या पाठीवर कुठंही जा, चाक ते चाकच. पहाटे त्यांनी बैलगाडीखाली टांगलेला ओंगणाचा डबा सोडला, काडीला फडकं गुंडाळलं, आणि मोटरच्या चाकाआड जो लोखंडी डबा असतो त्याच्या फटीत जाईल तेवढं एरंडेल सोडलं. पुढच्या दोन चाकांना दिलं, मग मागच्यांनी काय पाप केलं, म्हणून त्यांनाही पाजलं. इंद्रभानाला सांगितलं नाही. त्याने उगाच शहाणपण शिकवलं असतं.

"काढा दगड," इंद्रभान म्हणाला.

कोकिळेने खिडकीतून हात बाहेर काढला. मोटरीतून सासरी जाणारी गावातली ती पहिलीच. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "काका, धामणगावले येजा. मी वाट पाहीन."

"येतो माय. जाय तू. आज तुयी गाडी रडत नाई, पाहाजो."

"हळू नेजो बे," पंजाबराव इंद्रभानाला म्हणाले.

दगड निघाला. मोटर हलली, घरंगळली, दोन धक्के खाऊन तिचं इंजिन लागलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. पहिलं वळण कडुनिंबापाशी. उकंडराव कान टवकारून उभे राहिले. मोटर वळणावर फाकली, पार कडेपर्यंत गेली, खडी उडाली, आणि वळली. चाकांचा आवाज म्हणून नाही.

"घ्या, सुंठीवाचून खोकला गेला," पंजाबराव हसले.

उकंडरावही हसले, आणि तसेच राहिले. मोटर वळणावर हळू झाली नव्हती.

हाच घाट ते कापसाच्या भरल्या गाड्या घेऊन जन्मभर उतरले होते. उताराला गाडी आवरायची तर चाकाला लाकूड दाबून बांधतात. लाकूड चाकाला घासतं आणि चाक कानठळ्या बसतील असं किंचाळतं. धुरकरी त्या किंचाळण्यावर कान ठेवून बसतो. ते बंद पडलं म्हणजे दोर सुटला. मग बैलही गेले आणि माणूसही गेला. त्या लाकडाला ओंगण लावणारा वेडा अजून वऱ्हाडात जन्मला नव्हता.

मोटरीचं ते लाकूड चाकाआडच्या लोखंडी डब्यातच असणार. उकंडरावांनी आपला हात नाकाशी नेला. एरंडेलाचा वास येत होता.

आता ओरडून मोटर ऐकणार नव्हती. खाली धूळ उठत होती आणि मोटरीचा घुरघुराट चढत चालला होता. दुसरं वळण लांब नव्हतं. तिथे सडक एकदम डाव्या अंगाला मोडते आणि समोर नुसती दरी.

मनकर्णाबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे पुसले, समाधानाने मान हलवली. "लय चांगलं केलं तुमी उकंडराव. ना पोर रडली, ना गाडी."

उकंडराव दरीकडे कान लावून उभे होते.

"रड वो माय," ते पुटपुटत होते. "एकदा तरी रड."