बिभीषणाचा संवाद

बेचाळीस साली पोलीस धनसिंगच्या मागावर होते. तरी तो दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी रामायणाच्या सोंगांच्या उत्सवाला आला आणि रावणाचा मुखवटा चढवून उभा राहिला. मुखवट्याआड कोण आहे, हे फक्त बिभीषण झालेल्या सख्ख्या भावाला, मगनला, ठाऊक होतं.

दरवर्षी बिभीषण आधी रावणाला चार शब्द सुनवायचा, मगच रामाकडे जायचा. यंदा मगन एक शब्दही न बोलता उठला आणि थेट पुढे बसलेल्या फौजदाराच्या खुर्चीपाशी गेला.

फौजदारानं धनसिंगचं नाव घेत रावणाला बेड्या घातल्या, तशी बघ्यांतली म्हातारी झुंबरअक्का मगनवर थुंकली, “तू बिभीषण शेस, बिभीषण!”

धनसिंगनं मुखवटा उतरवला.



“बिभीषणले नावं नको ठेवू, अक्का. तो रावणले तोंडवर सांगीसन गया.”