सुरतेची सहल

गेल्या पावसाळ्यात शोभाबाईंचे यजमान भाईदास प्रकाशा गावाजवळ तापीच्या पुरात वाहून गेले, ते सापडलेच नाहीत. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या आणि कपाळाचं कुंकूही त्यांनी कुणाला पुसू दिलं नव्हतं. म्हणूनच आईने आपणहून सुरत बघायची म्हटल्यावर योगेंद्रला हायसं वाटलं.

त्याने किल्ला दाखवला, इंग्रजांच्या कबरी दाखवल्या. जुन्या बंदरापाशी उभं राहून म्हणाला, "माय, आठे जगभरना जहाज लागेत!" त्या नुसत्या हूं म्हणत राहिल्या. संध्याकाळी होडीत बसल्यावर मात्र काठावरचं एकेक झुडूप निरखू लागल्या.

"भाऊ," त्यांनी नावाड्याला विचारलं, "वरथून पूरमा जे वाही येस, ते आठे कोठे लागस?"

नावाडी हसला. "यहां तक कुछ नहीं आता, माँजी. बीच में उकाई का डैम है. सब वहीं अटक जाता है."

ही नदी तीच तापी आहे, हे योगेंद्रच्या ध्यानातच आलं नव्हतं.

 

शोभाबाईंनी पदर खोचला. "चाल मंग उकाईले. तुन्हा बाप तठे वाट देखी ऱ्हायना व्हई."