अर्धी बोट

“आली बघा माझ्या आजाची गुलाम!” न्यिमाचा पाय बोटीत पडतो न पडतो तोच लातिर ओरडला. “मधोमध बस गं बाई. सकाळचा सगळा भात पोटात घेऊन आलीस, बोट कलंडेल.”

“तू आधी इंजिन सुरू करून दाखव, चोरा,” न्यिमा म्हणाली. “तुझ्या आजाला माझ्या आजानं टोपलीभर कालवं देऊन विकत घेतलं होतं. टोपली परत मिळाली तर बघ.”

झालं, दिवसाची सुरुवात रीतसर झाली. न्यिमा जोला, लातिर सेरेर. या दोन जमातींची माणसं समोरासमोर येऊन शिव्या न देता गेली, तर समजावं कुणाच्या तरी घरी मयत आहे. डेंटन पुलाखालच्या धक्क्यावर कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

पाहिलं ते मिस पेंडल यांनी. इंग्लंडातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, हॅटची दोरी हनुवटीखाली घट्ट बांधलेली. आज बोटीत पाहुणी एकटीच. बोट तिवरांच्या खाडीत शिरल्यावर त्यांनी विचारलं, “मघाशी तो तुला काय म्हणाला?”

गाइडचा बिल्ला न्यिमाच्या गळ्यात पडून चारच दिवस झाले होते. पाहुण्यांशी खोटं बोलायचं नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. तिनं इमानदारीत भाषांतर करून टाकलं. “गुलाम म्हणाला. आणि भात फार खाते म्हणाला.”

मिस पेंडल यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पर्समधून धक्क्यावर मिळालेला तक्रारीचा पिवळा कागद काढला.

“ज्या नदीवरून माणसं गुलाम म्हणून विकायला नेली, तिच्यावर हा शब्द! आणि तोही एका मुलीला! चाळीस वर्षं मी माझ्या शाळेत असलं काही खपवून घेतलं नाही.”

धक्क्याचा नियम सगळ्यांना पाठ होता: पाहुण्याची एक लेखी तक्रार, की बोटीचा परवाना गेला. परवाना गेला की लातिर संपला. आणि न्यिमाच्या आईची कालवं तीन वर्षं याच बोटीतून येत होती. भाडं त्यानं कधी मागितलं नव्हतं. शिव्यांचा मात्र एक दिवस खाडा नाही.

“बाई, अहो, हे आमचं थट्टेचं नातं आहे,” ती इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. “फार पूर्वी दोन बहिणी एका बोटीतून निघाल्या. वादळात बोट मधोमध मोडली. एकीचा अर्धा तुकडा उत्तरेला लागला, तिची लेकरं सेरेर. दुसरीचा दक्षिणेला, तिची लेकरं आम्ही. बहिणींच्या लेकरांनी एकमेकांचा राग धरायचा नाही, म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं.”

“तू त्याला घाबरतेस,” मिस पेंडल मायेनं म्हणाल्या. “असं हसून सांगणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आता उपाय एकच होता. लातिरबद्दल सरळ, चांगलं बोलायचं. पण सेरेराची स्तुती! त्यापेक्षा खाडीचं पाणी पिणं परवडलं. एकदा त्याच्या कानावर गेली की मरेपर्यंत सुटका नाही. तिनं मागे वळून पाहिलं. लातिर पार मागे, इंजिनाशी. इंजिन कानठळ्या बसवत होतं. ऐकू जाणं शक्यच नाही. ती मिस पेंडल यांच्या कानाशी वाकली आणि जीव तोडून ओरडली,

“असा माणूस या खाडीत दुसरा नाही, बाई! गेल्या वर्षी भरतीत माझी आई तिवरांत अडकली, तर हा गळ्याएवढ्या चिखलात उतरला आणि तिला खांद्यावर घेऊन आला! अहो,”

नेमका तेव्हाच लातिरला फांदीवर खंड्या दिसला. पाहुण्यांना पक्षी दिसला की बोट थांबवायची, हा त्याचा शिरस्ता. त्यानं इंजिन बंद केलं.

“देवमाणूस आहे हो, देवमाणूस!”

शब्द सगळ्या खाडीवर घुमला. खंड्या उडून गेला.

लातिर हळूहळू उभा राहिला. कानाला हात लावला. “काय? कोण? जरा परत सांग. तिवरातल्या माकडांना नीट ऐकू गेलं नाही.”

“तुला नाही, पक्ष्याला म्हटलं.”

“पक्षी देवमाणूस?” लातिरनं मांडीवर थाप मारली आणि बोट डुलेपर्यंत नाचला. “जोलानं कबूल केलं! आज धक्क्यावर सगळ्यांना चहा माझ्याकडून!”

न्यिमानं ओढणीत तोंड लपवलं. लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

“आता काय म्हणतोय?” मिस पेंडल यांनी विचारलं.

“जन्मभर छळणार म्हणतोय.”

मिस पेंडल यांनी तिच्याकडे पाहिलं, लातिरकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेऊन त्या लिहू लागल्या. न्यिमाचं हसू तिथंच विरलं. परतीच्या वाटेवर तिला एकही पक्षी दाखवायचं सुचलं नाही.

धक्क्यावर उतरताच बाईंनी कागद थेट सीसेसाहेबांच्या हातात दिला. परवाने त्यांच्याच हातात. पिवळा कागद पाहून लातिरचा नाच जागच्या जागी थांबला. सीसेसाहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं,

“‘तक्रार: बोटवाला भात फार खातो. उद्याही हाच पाठवावा. मला त्याला हे तोंडावर सांगायचं आहे.’”

सीसेसाहेबांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा. “ही आता कुठं लावायची?” ते पुटपुटले.

लातिरनं कागदाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, मग न्यिमाकडे. ती खाडीत एवढ्या जोरानं का ओरडली, ते आता त्याच्या ध्यानात आलं. त्यानं घसा खाकरला.

“न्यिमा, वादळात बोट मोडली तेव्हा ही म्हातारी कुठल्या अर्ध्यात होती गं?”

“माझ्या,” न्यिमा म्हणाली. “तुझ्या अर्ध्यात भातानं जागा ठेवली होती कुठं?”