एकाच हातातला मोजा

मित्रांबरोबर चार दिवस गोल्फला जाऊन आलेले बाबा सोफ्यावर ऐसपैस बसून फुशारक्या मारत होते. "एका फटक्यात चेंडू थेट खड्ड्यात! सगळ्यांची तोंडं बघायला हवी होतीस!"

"पुढच्या वेळी मलाही ने ना, बाबा," लेकीने तिसऱ्यांदा गळ घातली.

"तुला? अगं, दिवसभर उन्हात रापावं लागतं! हातमोजा एकाच हातात घालतात, म्हणून तेवढा पंजा वाचतो आणि दुसरा पार करपतो. पोरीबाळींचा खेळ नाही तो."

लेकीने बाबांचे पंजे निरखले. दोन्ही सारखेच, दुधात बुडवून काढल्यासारखे. साहेबांनी चार दिवस हॉटेलच्या गार खोलीत पत्ते कुटले होते, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेवढ्यात आई कॉफी घेऊन आली. तीसुद्धा कालच परतली होती, मावशीकडे चार दिवस घर आवरायला म्हणून गेलेली. तिने कप पुढे केले. उजवा पंजा करपलेला, डावा दुधासारखा.



"राहू दे, बाबा," लेक कप घेत म्हणाली, "पुढच्या वेळी मी आईबरोबर मावशीकडेच जाईन."